पुणे की नाशिक? सरकारी आकड्यांवरून शहर पारखण्याची रीत

राहायला उत्तम शहरांची यादी जाहीर झाली की दोन दिवस तिच्यावर चर्चा होते आणि लोक त्या क्रमांकावरून घर घ्यायचे निर्णयही घेतात. क्रमांक किती भरवशाचा असतो ते पाहा. केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाच्या २०१८च्या यादीत १११ शहरांत पुणे पहिलं होतं आणि बंगळुरू ५८वं. मार्च २०२१ मध्ये पुढची यादी आली. त्यात दहा लाखांवरच्या शहरांत बंगळुरू पहिलं आणि पुणे दुसरं, गुण ६६.७० आणि ६६.२७. मधल्या काळात बंगळुरूची वाहतूक सुटली नव्हती की पुण्यावर काही आभाळ कोसळलं नव्हतं. मोजायची पद्धत बदलली होती. दुसऱ्या खेपेला नागरिकांच्या मतांच्या पाहणीला ३० टक्के वजन मिळालं आणि लोकसंख्येनुसार शहरांचे दोन गट पाडले गेले.

त्यामुळे क्रमांक बाजूला ठेवून मूळ आकड्यांकडे जायचं. ते फुकट मिळतात, फक्त वापरताना लोक त्याच त्या चार-पाच ठिकाणी घसरतात. पुढे उदाहरणासाठी एक कुटुंब धरलं आहे: दम्याचा त्रास असलेली आजी, शाळेत जाणारी मुलगी, नोकरी करणारे आईवडील, आणि प्रश्न पुणे की नाशिक. शहरं दुसरी असली तरी रीत हीच.

## टप्पा १ : आकडे उघडण्याआधी प्रश्न लिहून काढा

कागदावर दोन गोष्टी लिहा. घरात कोण राहणार आहे, आणि त्यातल्या प्रत्येकाला शहराची कोणती बाजू रोज लागणार आहे. आजीला हवा आणि दवाखाना. मुलीला शाळा आणि रस्ता ओलांडण्याची सोय. आईवडिलांना पाणी, भाडं, प्रवास. पाच-सहापेक्षा जास्त विषय घेऊ नका. वीस विषय घेतले की सगळी शहरं सारखीच मध्यम दिसायला लागतात.

मग शंभर गुण या विषयांत वाटून टाका. आमच्या कुटुंबाने समजा हवेला ३०, पाण्याला २०, रस्त्यावरच्या सुरक्षिततेला १५, आरोग्यसेवेला १५, खर्चाला १५ आणि शाळेला ५ दिले. शाळेला ५ कमी वाटतील, पण शाळा शहर पाहून निवडत नाहीत, एक विशिष्ट शाळा पाहून निवडतात. तिथे शहराच्या सरासरीचा फारसा उपयोग नाही.

सावधान: गुणवाटप आकडे बघण्याआधीच करा आणि त्यावर तारीख टाका. आधी आकडे पाहिले की मनातलं शहर जिंकेल अशीच वजनं हाताने दिली जातात, आणि आपण असं करतोय हे लक्षातही येत नाही.

## टप्पा २ : शहराची हद्द ठरवा

सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून या टप्प्याला वेळ द्या. ‘पुणे’ नावाचा एकच प्रदेश सरकारी कागदांत नाही. निदान पाच आहेत:

- पुणे महानगरपालिका: २०११च्या जनगणनेत ३१.२४ लाख.
- पुणे नागरी समूह: त्यात पिंपरी-चिंचवड (१७.२७ लाख) आणि लष्करी छावण्याही येतात.
- पुणे जिल्हा: ९४.२९ लाख. यात जुन्नर, आंबेगाव, भोर, इंदापूर सगळं आलं.
- पुणे पोलीस आयुक्तालय: याची हद्द महापालिकेच्या हद्दीशी तंतोतंत जुळत नाही.
- पुणे आरटीओ, म्हणजे एमएच-१२: याची हद्द आणखी वेगळी. पिंपरी-चिंचवडला एमएच-१४.

नाशिकचंही तेच. महापालिका १४.८६ लाख, जिल्हा ६१.०७ लाख. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे (२०१९-२१) आकडे जिल्ह्याचे आहेत. नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी यांसारखे आदिवासी वस्तीचे तालुके आहेत आणि मालेगावसारखं दाट शहरही आहे. जिल्ह्यातल्या बालकुपोषणाचा आकडा वाचून इंदिरानगर किंवा गंगापूर रस्त्यावर राहावं की नाही, हे ठरत नाही. तरीही ‘नाशिकमध्ये इतके टक्के मुलं कमी वजनाची’ असं वाक्य शहराच्या तुलनेत बिनदिक्कत येतं.

हद्दीचा दुसरा घोळ काळाचा. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ गावं आली, २०२१ साली आणखी २३, आणि पुढे उरुळी देवाची व फुरसुंगी ही दोन गावं बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. म्हणजे २०१६ आणि २०२२ या सालांचे महापालिकेचे आकडे एकाच शहराचे नाहीतच. दरडोई पाणी, दरडोई बाग, मलनिस्सारणाच्या जाळ्याची टक्केवारी, सगळं एका रात्रीत खाली आलेलं दिसेल, पण शहरातल्या कुणाचाच नळ त्या रात्री बंद झाला नव्हता. पोलिसांच्या आकड्यांत हीच गंमत उलटी आहे. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र आयुक्तालय सुरू झालं. २०१७ आणि २०१९ शेजारी ठेवले तर पुण्यातला गुन्हा एकदम घटल्यासारखा वाटेल.

तपासा: तक्त्यात प्रत्येक आकड्यासमोर ‘हद्द’ आणि ‘साल’ असे दोन रकाने हवेतच. दोन शहरांचे आकडे दोन प्रकारच्या हद्दींचे निघाले, तर ती ओळ तुलनेतून काढा. मोह होईल, पण काढा.

## टप्पा ३ : भागायचं कशाने, हे पाहा

‘लाखामागे इतके’ असा दर दिसला की विचारायचं, लाख कोणत्या वर्षीचे? शहराची मोजलेली लोकसंख्या आजही २०११ची आहे. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग महानगरांचे दर काढताना २०११चीच लोकसंख्या वापरत आला आहे.

जुन्या लोकसंख्येने भागलं की दर फुगतो, हे सगळ्यांना कळतं. सगळ्यांचा दर सारखा फुगत नाही, हे मात्र सुटतं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत पुणे महापालिका २५.३८ लाखांवरून ३१.२४ लाखांवर गेली, म्हणजे सुमारे २३ टक्के वाढ. नाशिक १०.७७ लाखांवरून १४.८६ लाखांवर, म्हणजे सुमारे ३८ टक्के. तोच कल पुढे टिकला असेल तर २०११च्या आकड्याने भागताना नाशिकवर जास्त अन्याय होतो. कागदावर नाशिक वाईट दिसेल ते केवळ वेगाने वाढलं म्हणून.

एक कल्पित हिशेब करून पाहा. वर्षात ३०० मृत्यू आणि लोकसंख्या १५ लाख धरली तर लाखामागे २०. लोकसंख्या खरोखर २० लाख असेल तर लाखामागे १५. प्रसंग तेवढेच, शहर तेच.

उपाय साधा आहे. प्रत्येक शहरासाठी लोकसंख्येचे दोन अंदाज घ्या, एक कमी आणि एक जास्त. कमी अंदाजासाठी २०११चा आकडा, जास्तीसाठी मागच्या दशकाचाच वेग पुढे चालवून आलेला आकडा. दोन्हींनी दर काढा. दोन्ही वेळा तेच शहर पुढे असेल तर फरक धरा. उलटापालट होत असेल तर त्या विषयात दोघं बरोबरीत. मिळकतकराच्या निवासी नोंदी आणि नळजोडांची संख्या यांवरून अंदाज ताडून बघता येतो. मतदार यादीवर मात्र फार भिस्त नको. कामासाठी आलेली कितीतरी माणसं मतदानाला अजून गावीच जातात.

सावधान: काही वर्षं मुळातच वेडीवाकडी असतात. २०२० आणि २०२१ मध्ये अपघात घटले, हवा सुधारली, मृत्यू वाढले. नाशिकसाठी सिंहस्थाची वर्षंही वेगळी धरायची: २०१५ होऊन गेलं, २०२७ येतं आहे. त्याआधीची खोदकामं हवेत दिसणार आणि यात्रेकरूंची गर्दी पाण्याच्या व कचऱ्याच्या आकड्यांत. एक साल कधीच घेऊ नका, निदान तीन साधारण वर्षं घ्या आणि त्यांतला मधला आकडा वापरा.

## टप्पा ४ : आकडे कुठून घ्यायचे

महापालिकेचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल हा सर्वांत कमी वाचला जाणारा आणि सर्वांत उपयोगी कागद. कायद्यानुसार आयुक्तांनी तो दरवर्षी ३१ जुलैपूर्वी सभागृहापुढे ठेवायचा असतो. पाणी, सांडपाणी, कचरा, हवा, वाहनं, झाडं, सगळं एका ठिकाणी मिळतं. सोबत अंदाजपत्रक घ्या, पण त्यातला ‘अंदाज’ हा रकाना सोडून मागच्या वर्षीचा ‘प्रत्यक्ष’ खर्च वाचा. उद्यानांसाठी कोट्यवधींची तरतूद ही बातमी असते, खर्च किती झाला ते पुढच्या वर्षीच्या पुस्तकात बारीक अक्षरात असतं.

बाकीचं थोडक्यात: हवेसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संकेतस्थळ, अपघातांसाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा वार्षिक अहवाल, गुन्ह्यांसाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, शाळांसाठी यूडायस प्लस (शाळांच्या माहितीचं सरकारी संकेतस्थळ), जागेच्या भावासाठी नोंदणी व मुद्रांक विभागाचे रेडी रेकनर.

जे कुठेच मिळत नाही त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. ‘शहरातील पाणीपुरवठ्याची माहिती द्यावी’ असं लिहिलं तर ‘संकेतस्थळ पाहावे’ असं उत्तर येतं. ‘अमुक प्रभागात मागील बारा महिन्यांत तपासलेले पाण्याचे नमुने आणि त्यांपैकी पिण्यास अयोग्य ठरलेले नमुने, महिनावार’ असं विचारा.

## टप्पा ५ : विषयवार वाचन

### हवा

मोबाइलवर दिसणारा हवा गुणवत्ता निर्देशांक तुलनेसाठी वापरू नका. तो त्या दिवसापुरता इशारा आहे. पीएम २.५ (हवेतले अगदी बारीक कण), पीएम १० (त्याहून जाडी धूळही धरून), ओझोन वगैरेंपैकी ज्याचा उपनिर्देशांक सर्वांत जास्त, तोच त्या दिवसाचा निर्देशांक. एका शहराचा १२० ओझोनमुळे आणि दुसऱ्याचा १२० धुळीमुळे असू शकतो. आजीच्या दम्यासाठी आपल्याला पीएम २.५ची थेट मात्रा हवी, घनमीटरमागे मायक्रोग्रॅममध्ये. भारतातलं वार्षिक मानक ४० आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासूनचं ५.

एका केंद्राची फाइल उतरवून घ्या, चोवीस तासांची सरासरी, पूर्ण वर्षाची. आता सरासरी काढण्याची घाई करू नका. आधी रकान्यावरून नजर फिरवा. रिकामे दिवस किती आहेत? आणि मुख्य म्हणजे ते कोणत्या महिन्यांतले? आपल्याकडे हवा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बिघडते आणि पावसाळ्यात धुऊन निघते. डिसेंबर-जानेवारीत यंत्र बंद पडलेलं असेल तर वर्षाची सरासरी छान येते. सलग काही तास तोच आकडा दशांशासकट पुन्हा पुन्हा आला असेल तर यंत्र अडकलेलं आहे, ते तास खोडा. माझा नियम असा: महिन्यातले निदान तीन-चतुर्थांश दिवस भरलेले नसतील तर तो महिना बाद, आणि हिवाळ्यातला एक महिना जरी बाद झाला तरी त्या केंद्राचं ते वर्षच बाद. आधी प्रत्येक महिन्याची सरासरी काढा, मग बारा महिन्यांची. सरळ सगळ्या दिवसांची काढली तर ज्या महिन्यात नोंदी जास्त त्याचं वजन वाढतं.

मग केंद्राची जागा. पुण्यात कर्वे रस्त्यावरचं केंद्र रहदारीच्या तोंडावर आहे. त्याची तुलना नाशिकच्या एखाद्या निवांत वसाहतीतल्या केंद्राशी केली तर तुम्ही दोन शहरं मोजत नाही, रस्ता आणि गल्ली मोजता. वाहत्या रस्त्याजवळचं केंद्र तसल्याच केंद्राशी, औद्योगिक भागातलं औद्योगिकशी, निवासी निवासीशी.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला, त्यात पुणे आणि नाशिक दोन्ही आहेत. ‘प्रदूषण इतके टक्के घटलं’ अशी त्याची आकडेवारी दिसेल तेव्हा बघा की घट कशातली. शहरांची कामगिरी पीएम १०वर जोखली जाते. रस्ते झाडले, पाणी मारलं की जाडी धूळ बसते. फुप्फुसात खोल जाणारा बारीक कण प्रामुख्याने जळण्यातून येतो, आणि तो झाडूने जात नाही.

### पाणी

धरणातून किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मिळालं यावर पुण्यात दरवर्षी वाद रंगतो, आणि आकडे वेगवेगळ्या एककांत असल्यामुळे सामान्य वाचक पहिल्या परिच्छेदातच गळतो. हे एकदाच लिहून ठेवा: वर्षाला १ टीएमसी म्हणजे दिवसाला सुमारे ७७.६ दशलक्ष लिटर.

आता कल्पित शहराचा हिशेब. वर्षाला १० टीएमसी, लोकसंख्या ४० लाख. दिवसाला ७७६ दशलक्ष लिटर, म्हणजे माणशी १९४ लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचं मानक माणशी १३५ लिटर, तेव्हा शहर मालामाल. पण हे पाणी धरणाच्या दाराशी मोजलंय. वाटेत गळती आणि बेहिशेबी जोड मिळून ३० टक्के गेले तर नळाशी १३६ उरतात. गळतीचं केंद्राचं मानक २० टक्के आहे. म्हणून पाण्याच्या आकड्याला नेहमी विचारायचं: कुठे मोजलं? धरणावर, जलशुद्धीकरण केंद्राबाहेर की ग्राहकाच्या मीटरवर? आणि बहुतेक जोडांना मीटर नसतील, तर गळतीचा आकडा हासुद्धा अंदाजच.

शहराची सरासरी इथे सर्वांत जास्त फसवते. पुण्यात पेठांमधलं पाणी आणि नव्याने आलेल्या गावांतलं पाणी यांची मिळून सरासरी काढली की दोघांनाही लागू नसलेला आकडा मिळतो. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले ते प्रामुख्याने सिंहगड रस्त्याच्या टोकाला, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात, आणि तेव्हा बोट गेलं ते पाण्याकडेच. शहराचा दरडोई आकडा वाचून धायरीत सदनिका घेणाऱ्याला यातलं काहीच कळलं नसतं.

तपासा: लिटरच्या जोडीला तीन गोष्टी लिहा: रोज किती तास, महिन्यात किती दिवस बंद, आणि अयोग्य ठरलेल्या नमुन्यांची टक्केवारी. ही शेवटची टक्केवारी शून्य असेल तर खूश होण्याआधी नमुने किती घेतले ते पाहा.

### रस्ते

एकूण अपघात मोजू नका, मृत्यू मोजा. किरकोळ अपघात नोंदवायचा की तिथल्या तिथे मिटवायचा, हे पोलीस ठाण्यागणिक बदलतं. मृत्यू लपत नाही. सरकारी व्याख्येनुसार अपघातानंतर ३० दिवसांत झालेला मृत्यू यात धरतात. काही शहरांत शंभर अपघातांमागे मृत्यूंचं प्रमाण भयंकर दिसतं. बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच की लहान अपघातांची नोंदच होत नाही.

मंत्रालयाच्या अहवालात दहा लाखांवरच्या शहरांचा वेगळा तक्ता असतो. त्यातही हद्दीचा प्रश्न आहेच. पुण्याचा नवले पूल आणि नाशिकचं द्वारका, दोन्ही ठिकाणी राष्ट्रीय महामार्गाची वाहतूक शहरातून जाते. तिथे दगावलेला ट्रकचालक त्या शहराचा रहिवासी नसतोही. मुलीसाठी बघायचा रकाना म्हणजे मृतांतले पादचारी. तो मागून घ्यावा लागला तरी घ्या.

वाहनांची संख्या ही आणखी एक फसगत. आरटीओची एकूण नोंद साठत जाते. भंगारात गेलेली, दुसऱ्या जिल्ह्यात विकलेली कितीतरी वाहनं कागदावर जिवंत राहतात. ‘माणसांपेक्षा गाड्या जास्त’ ही बातमी अशा साठ्यावर बेतलेली असते. वर्षभरात नव्याने नोंदलेली वाहनं पाहिली तर कल नीट कळतो.

### गुन्हे

इथे लोक उलटा अर्थ लावतात. नोंदलेला गुन्हा आणि घडलेला गुन्हा यांत अंतर असतं. तक्रार सहज घेणाऱ्या शहराचा दर वर जातो, पोलीस ठाण्यातून हाकलून देणाऱ्या शहराचा खाली. म्हणून दोनच प्रकार तुलनेला घ्या. एक खून, कारण मृतदेह लपवणं अवघड. दुसरा वाहनचोरी, कारण गुन्हा नोंदल्याशिवाय विमा मिळत नाही. विनयभंग, छेडछाड यांचे वाढलेले आकडे वाईटच असं गृहीत धरू नका. तक्रार करायला बायका पुढे येत आहेत, असाही त्याचा अर्थ असू शकतो.

आणखी तीन खाचखळगे. एका घटनेत अनेक गुन्हे असतील तर राष्ट्रीय आकडेवारीत सर्वांत गंभीर तेवढा मोजतात. खुनासोबतची चोरी चोरीत दिसत नाही. त्या अहवालातल्या महानगरांच्या यादीत वीस लाखांवरची १९ शहरं आहेत, महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर. नाशिक त्यात नाही, म्हणून दोन्ही शहरांसाठी जिल्हावार तक्त्यातली आयुक्तालयाची ओळ घ्या. ‘नाशिक ग्रामीण’ची चुकून उचलू नका. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात हिसकावून नेणं हा स्वतंत्र गुन्हा झाला. त्या तारखेच्या अलीकडची-पलीकडची चोरी एका ओळीत मांडू नका.

### जन्म, मृत्यू, दवाखाने

जन्म-मृत्यूची नोंद घटना जिथे घडली तिथे होते, माणूस राहतो तिथे नाही. पुण्याच्या ससून रुग्णालयात किंवा नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात आसपासच्या जिल्ह्यांतले, तालुक्यांतले अत्यवस्थ रुग्ण येतात. तिथे दगावलेलं आदिवासी पाड्यावरचं बाळ शहराच्या नोंदीत चढतं. त्यामुळे चांगली रुग्णालयं असलेल्या शहराचा बालमृत्यूचा आकडा वाईट दिसतो. या नोंदींवरून शहराचा बालमृत्यूदर काढणारे लेख भरपूर आहेत. ते वाचायचे नाहीत, एवढंच.

डेंग्यूचंही असंच: जिथे तपासणी जास्त तिथे रुग्ण जास्त. आजीसाठी उपयोगी आकडा म्हणजे घरापासून अर्ध्या तासात पोहोचता येईल असा श्वसनविकाराचा अतिदक्षता विभाग आहे का, आणि तो कोणत्याच सरकारी तक्त्यात नाही. फोन करून विचारावा लागतो.

### खर्च

इथे एकच चूक सांगतो, पण ती सगळे करतात. कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक किंवा घरांच्या किमतींचा निर्देशांक दोन शहरांसाठी शेजारी ठेवून ‘हे महाग, ते स्वस्त’ असं म्हणता येत नाही. निर्देशांकात पायाभूत वर्षी प्रत्येक शहर १०० असतं, मग ते मुंबई असो की सोलापूर. पुढचा आकडा त्या शहरात भाव किती वाढले ते सांगतो, मुळात किती होते ते नाही. पातळीसाठी रेडी रेकनरचे दर विभागवार पाहा. ते बाजारभाव नाहीत, पण दोन्ही शहरांत एकाच खात्याने ठरवलेले असल्यामुळे अंदाज येतो. भाड्यासाठी जाहिराती बघण्याखेरीज इलाज नाही.

शाळांबद्दल एवढंच: यूडायसमध्ये शाळेचं नाव घालून विद्यार्थी आणि शिक्षक मोजा. कायद्याने प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक हवा, उच्च प्राथमिकला ३५ मागे एक. तालुक्याची सरासरी सोडून द्या.

## टप्पा ६ : गुण द्या, पण सापळा ओळखून

आता बहुतेक जण प्रत्येक विषयात सर्वांत चांगल्या शहराला १०० आणि सर्वांत वाईटाला शून्य देतात. शंभर शहरांत ते चालून जातं. दोनच शहरं असताना प्रत्येक विषयात एकाला १०० आणि दुसऱ्याला शून्य मिळतं, मग फरक पीएम २.५च्या एका मायक्रोग्रॅमचा का असेना.

त्याऐवजी दोघांना एकाच मानकाशी मोजा. हवेला ४०, पाण्याला १३५ लिटर, गळतीला २० टक्के. ज्याला मानक नाही, उदाहरणार्थ अपघाती मृत्यू, त्याला राज्यातल्या दहा लाखांवरच्या सर्व शहरांचा मधला आकडा धरा. मानक गाठलं तर पूर्ण गुण, दुपटीने चुकलं तर शून्य, मधलं त्या प्रमाणात.

मग फरक खरा आहे का ते बघा. एकाच शहराचा आकडा तीन वर्षांत जेवढा वरखाली होतो, त्यापेक्षा दोन शहरांतला फरक कमी असेल, तर दोघांना सारखे गुण द्या.

तपासा: शेवटी तीन वेळा बेरीज करा. पहिली तुमच्या वजनांनी. दुसरी सर्वांत जड विषयाचं वजन निम्मं करून आणि ते उरलेल्यांत वाटून. तिसरी लोकसंख्येचा दुसरा अंदाज वापरून. तिन्हींत तेच शहर पुढे असेल तर निकाल लागला. नसेल तर आकड्यांनी बरोबरी दिली आहे. मग माहेर कुठे आहे, नोकरी कुठे मिळते आहे यावर ठरवायला काहीच हरकत नाही.

## टप्पा ७ : शहरातून प्रभागात उतरा

कुणीच ‘पुण्यात’ राहत नाही. माणूस कोथरूडमध्ये, वाघोलीत, हडपसरमध्ये राहतो. नाशिकमध्येही पंचवटी, सातपूर, सिडको, नाशिक रोड, पूर्व आणि पश्चिम असे सहा विभाग आहेत, आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतीला लागून राहणं वेगळं, गंगापूर धरणाच्या बाजूला राहणं वेगळं. एकाच शहराच्या दोन टोकांतला फरक कित्येकदा दोन शहरांमधल्या फरकाहून मोठा निघतो.

म्हणून जिंकलेल्या शहरातले तीन भाग निवडा आणि हवा, पाणी व पादचारी मृत्यू या तीन ओळी त्या भागांसाठी पुन्हा भरा. हवेसाठी जवळचं केंद्र, पाण्यासाठी क्षेत्रीय किंवा विभागीय कार्यालयाकडून वेळापत्रक, अपघातांसाठी त्या पोलीस ठाण्याची नोंद. मग एकदा प्रत्यक्ष जा. हिवाळ्यात सकाळी सात वाजता आणि मे महिन्यात पाणी सुटण्याच्या वेळी जाणं सर्वांत उपयोगी. सोसायटीच्या रखवालदाराला विचारा की आठवड्यात टँकर किती येतात. टँकरची पावती सोसायटीच्या हिशेबात असते. मागच्या वर्षीचा वार्षिक सभेचा जमाखर्च बघायला मागितला तर बहुतेक ठिकाणी देतात, आणि देत नसतील तर तीही नोंद तक्त्यात करून ठेवा.

तक्त्याच्या वर तारीख घाला. ऑगस्टमध्ये नवा पर्यावरण अहवाल शोधून पाणी आणि सांडपाण्याच्या ओळी बदला, जानेवारी संपला की हवेचं वर्ष भरा. २०२७च्या जनगणनेचे शहरवार आकडे आले की टप्पा ३ मधले सगळे दर नव्याने काढावे लागतील, जुने दुरुस्त करत बसू नका.